पेटंट घ्यावं की वाण नोंदवावं?

जालन्याकडचा एक बियाणेवाला मित्र पेचात आहे: कापसावरच्या कामाचं पेटंट, की २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली वाणनोंदणी?

बियाण्याला किंवा वाणाला पेटंट मिळतच नाही, पेटंट कायद्याचं कलम ३(जे) आड येतं. प्रयोगशाळेत घडवलेल्या जनुकरचनेसाठी मागता येतं, पण तिथंही भांडण आहेच. बीटी कापसाच्या पेटंटचं प्रकरण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सुनावणीला पाठवलं.

मुदत पेटंटला २० वर्षं, पिकाच्या वाणाला १५. वकिलासकट पेटंट महागच. वाणाला वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्याची चाचणी द्यावी लागते. शिवाय शेतकरी ते बियाणं राखू, पेरू, विकूही शकतो, फक्त ब्रँड लावून नाही. (मला तरी हे रास्त वाटतं.)

जनुकावर काम असेल तर पेटंट. निवड-संकरावर पोट असेल तर वाणनोंदणी.