दोन शिक्षकी शाळेत टॅब: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

आमची शाळा पाटण तालुक्यातल्या एका वाडीवरची. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पटावर 23 मुलं. मुंबईत नोकरी करणाऱ्या गावकऱ्यांनी गेल्या जूनमध्ये वर्गणी काढून शाळेला 8 टॅब दिले. आठ इंची, अँड्रॉइड, 3 जीबी रॅम आणि प्रत्येकात 64 जीबीचं मेमरी कार्ड. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आल्यात आणि टॅब सगळ्या ऋतूंतून गेलेत. घ्यावेत का, असं आसपासच्या शाळांमधून विचारणं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत असते तेव्हा चौथी काय करते, हा आमच्यासारख्या शाळांचा रोजचा प्रश्न. पूर्वी ‘धडा उतरवून काढा’ नाहीतर ‘पाढे लिहा’ असं सांगावं लागायचं. वर्ग शांत बसायचा, पण हाती फारसं लागायचं नाही. टॅबने सगळ्यात मोठा फरक इथे पाडला. चौथी तीन-तीनच्या गटात टॅबवर काम करते आणि मला तिसरीजवळ सलग वीस-पंचवीस मिनिटं बसता येतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी टॅब पुन्हा मागेन.

सर्वाधिक वापर कशाचा झाला म्हणाल, तर टॅबमधल्या साध्या रेकॉर्डरचा. त्याला नेट लागत नाही, ॲप शोधत बसावं लागत नाही. मूल कोपऱ्यात जाऊन एक परिच्छेद वाचतं, रेकॉर्ड करतं, मग पुस्तकावर बोट ठेवून स्वतःचंच वाचन ऐकतं. तिसरीतली एक मुलगी एकेक शब्द तोडून वाचायची. ‘स्वच्छ’, ‘प्रकाश’ अशा जोडाक्षरापाशी आली की मागे जाऊन अख्खी ओळ पुन्हा धरायची. मी कितीदा सांगितलं होतं, तिला ते पटतच नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकल्यावर मात्र धावत आली, “बाई, मी एवढी अडखळतीय व्हय?” मग स्वतःहून तोच परिच्छेद पुन्हा रेकॉर्ड केला, पुन्हा ऐकला. दिवाळीनंतर ती पहिलीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवायला लागली. तिचं ऑगस्टचं रेकॉर्डिंग मी जपून ठेवलं होतं. पालकसभेत ते आणि जानेवारीचं एकापाठोपाठ ऐकवलं. तिच्या आईला लिहिता-वाचता येत नाही, पण लेकीच्या वाचनातला फरक तिला लगेच कळला. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीतून तिला तो कधी कळला नसता.

गूगलचं रीड अलाँगही वापरतो; हे मुलाचं मोठ्याने वाचन ऐकून चुका दाखवणारं ॲप आहे. गोष्टी एकदा डाउनलोड केल्या की नेटशिवाय चालतात, मराठीत आहेत, आणि त्यातल्या दिया नावाच्या बोलक्या पात्राने शाबासकी दिली की पहिलीची मुलं फुलून जातात. मात्र कुठल्याही ऐकणाऱ्या ॲपसाठी मुलाला व्हरांड्यात बसवावं लागतं. वर्गात एकाच वेळी चार मुलं मोठ्याने वाचत असतील, तर यंत्राने कोणाचं ऐकायचं?

गणितात फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, उपयोगी पडली. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प मोफत आहे, आणि त्यातलं बरंच काही मराठीतही मिळतं. अपूर्णांकाचं सिम्युलेशन घरून उतरवून घेतलं आणि कार्डावर टाकलं. तरीही सुरुवात आम्ही खऱ्या भाकरीपासून केली. पाव, अर्धी, पाऊण हे हाताने तोडून झाल्यावरच पडदा. मग वर्तुळाचे चार भाग करून तीन रंगवायचे, आठ करून सहा रंगवायचे, आणि रंगलेला भाग तेवढाच का राहतो यावर गटात भांडायचं. ते भांडण मला फार मोलाचं वाटतं. त्यासाठीच एका टॅबवर तीन मुलं बसवते. प्रत्येकाला वेगळा टॅब मिळाला असता तर ते झालं नसतं.

परिसर अभ्यासात कॅमेरा. भाताच्या पात्याचा आणि आंब्याच्या पानाचा फोटो काढून मोठा केला की समांतर शिरा आणि जाळीदार शिरा मुलं न सांगता ओळखतात.

व्हिडिओंनी निराशा केली. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपचे पाठ उतरवून ठेवलेत. मी मध्ये थांबवून प्रश्न विचारते तेव्हा त्यांचा चांगला उपयोग होतो. नुसते लावून दिले तर मुलं तल्लीन होऊन बघतात, आणि दुपारी विचारलं तर काही सांगता येत नाही. पर्याय निवडायच्या प्रश्नमंजूषाही मी जवळपास बंद केल्या, कारण बरोबरची खूण येईपर्यंत मुलं पटापट बोटं मारत सुटतात. ओईसीडी या विकसित देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2015 मध्ये पंधरा वर्षांच्या मुलांविषयी जो अहवाल दिला, त्यातही शाळेत संगणक फार वारंवार वापरणारी मुलं बेताने वापरणाऱ्यांपेक्षा मागे दिसली होती. आमची मुलं लहान आहेत, त्यांच्याबाबत तर मी अधिकच सांभाळून राहते. रोज एका गटाला अर्ध्या तासापेक्षा जास्त टॅब नाही. अक्षर गिरवणं पाटीवर, लिहिणं वहीत, धडा पुस्तकातच.

आता यंत्राविषयी. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस येत नाही, त्यामुळे चार्जिंगचा दिवस ठरवून चालत नाही. वीज दिसली की सगळे टॅब लावायचे. खडूची धूळ चार्जिंगच्या खाचेत बसते, म्हणून टॅब फळ्यापासून लांब, झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवतो. सतरंजीवर बसून मुलं मानेची कमान करायची, तेव्हा गावातल्या सुतारकाकांनी उरलेल्या प्लायच्या तिरक्या फळ्या करून दिल्या. ॲप पिन करण्याची, म्हणजे उघडलेल्या ॲपमधून मुलाला बाहेर पडता येऊ नये अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती जरूर चालू करा, नाहीतर मुलं दोन मिनिटांत कॅमेऱ्यात शिरतात.

तक्रार आहे ती दुरुस्तीची. एका टॅबची काच तडकली आणि दुसऱ्याची चार्जिंगची खाच सैल झाली. कंपनीचं सेवा केंद्र लांबच्या शहरात. तिथे दोनदा हेलपाटा झाला, आणि या मॉडेलचे सुटे भाग येत नाहीत असं सांगितलं. खाच शेवटी बाजारातल्या मोबाईलवाल्याने बदलून दिली. तडकलेला टॅब पारदर्शक चिकटपट्टी लावून फक्त रेकॉर्डिंगसाठी ठेवलाय. देणगीदार विचारायला आले, तर आठाऐवजी सहा टॅब मागा आणि उरलेल्या पैशात जाड रबरी कव्हर, हेडफोन, दोन जास्तीचे चार्जर घ्या. आणि काच बदलून कुठे मिळेल, हे पैसे देण्याआधी दुकानदाराकडून लिहून घ्या.