वजनाच्या ऑपरेशनची तयारी: सेंटरला साडेतीन स्टार, जालन्याच्या ताईंना पाच

आधीच सांगते, हा रिव्ह्यू ऑपरेशनचा नाहीये, त्याच्या आधीच्या चार महिन्यांचा आहे. ऑपरेशनच्या वेळी मला भूल दिलेली, त्यातलं मी काय सांगणार. पण आधीची तयारी मात्र पूर्ण शुद्धीत भोगलीय. सेंटर संभाजीनगरातलं आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला अजून फॉलोअपला तिथंच जायचंय.

मी गेवराईची, वय ४१, शाळेत शिकवते, यांचं कृषी सेवा केंद्र आहे. उंची ५ फूट २ इंच आणि वजन ११८, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) जवळजवळ ४८. शुगर सहा वर्षांपासून, गुडघे तर विचारूच नका. पहिल्यांदा मे महिन्यात गेलो, शहागडच्या पुलावरून जाताना यांनी विचारलं परत फिरायचं का, मी म्हणलं आता शंभर किलोमीटर तेल जाळायलोत तर निदान काय म्हणतात ऐकून तरी येऊ.

आत गेल्यावर पहिली चांगली गोष्ट दिसली ती खुर्च्या. वेटिंगमधल्या एकाही खुर्चीला हात नाहीत. सडपातळ माणसाला हे कळायचं नाही, पण ज्याला लग्नात प्लास्टिकच्या खुर्चीतून उठताना खुर्ची सोबत येते ना, त्याला कळंल. बीपीचा पट्टा पण मोठ्या मापाचा होता, आमच्याकडं डॉक्टर नेहमीचाच पट्टा ओढून ओढून लावायचे आणि बीपी जास्त यायचं ते वेगळंच (पट्टा लहान पडला की रीडिंग जास्त येतं, हे मला तिथंच समजलं).

आणि लगेच वाईट गोष्ट. वजनकाटा रिसेप्शनच्या शेजारी, भर वेटिंगमध्ये. मी चढले आणि तिथल्या मुलीनं आतल्या मुलीला ओरडून सांगितलं, एकशे अठरा पॉइंट चार! बसलेली दहा माणसं वळून बघायली. तशी ती सगळी माझ्याच जातीची, पण तरी. अहो मी यांना सुद्धा कधी खरा आकडा सांगितला नव्हता.

डॉक्टर बरे आहेत. घाई करत नाहीत, कागदावर चित्र काढून सांगतात. मला वाटायचं की चरबी कापून काढतात, तसं काही नसतं. स्लीव्ह म्हणजे जठराचा साधारण तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भाग काढून उरलेल्याची केळासारखी नळी करतात, आणि बायपास म्हणजे जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात. मी शेजारणीच्या भाचीचं ऐकून स्लीव्हच करायचं म्हणून गेले होते. पण एंडोस्कोपीत (घशातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट बघतात ती) हर्निया निघाला, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडं सरकलेला, ॲसिडिटी तर मला वर्षानुवर्षं, आणि स्लीव्हनं ॲसिडिटी वाढू शकते म्हणून डॉक्टरांनी बायपास सुचवला. त्यात पोटात एच पायलोरी नावाचे जंतू पण निघाले, त्याचा चौदा दिवसांचा गोळ्यांचा कोर्स वेगळा. बाकी तपासण्यांची यादी लांबलचक आहे, सोनोग्राफी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), बी १२, डी, लोह, सगळं. माझं बी १२ तळाला गेलेलं. बायपासनंतर या जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, तेव्हा आधीच भरून काढलेलं बरं.

झोपेची टेस्ट झाली त्याची गंमत. मशीन घरी लावायला दिलं, बोटाला चिमटा, नाकाला नळी, छातीला पट्टा. रिपोर्ट आला की रात्रीत शेकडो वेळा श्वास अडकतो. हे म्हणाले, ते मी वीस वर्षांपासून सांगायलोय, मला फी द्या. मग ऑपरेशनपर्यंत सीपॅपचं मशीन (झोपेत मास्कमधून हवा सोडून श्वास चालू ठेवणारं) भाड्यानं आणलं, पहिले तीन दिवस गुदमरल्यासारखं झालं, चौथ्या दिवशी सकाळी उठले तर डोकं हलकं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुपारच्या तासाला वर्गात डुलकी आली नाही.

मानसोपचारवाल्या मॅडमकडं पाठवलं तेव्हा मला राग आला होता, म्हणलं मी काय वेडीय का. चाळीस मिनिटं बसवलं. त्यांनी डाएटचं काही विचारलं नाही, विचारलं की तुम्ही खाता तेव्हा घरात कोण कोण जागं असतं. मी गप्प. कारण जेवणात मी एकच भाकरी खाते, सगळ्यांसमोर. खरं खाणं रात्री साडेअकराला, ओट्याजवळ उभं राहून, लाइट न लावता, शेंगदाण्याचा डबा आणि गुळाची ढेप. झाकण वाजू नये म्हणून डब्याखाली पदर धरायचे मी. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सांगितलं. नुसत्या त्या चाळीस मिनिटांची फी वसूल झाली.

आता डाएटचं. पहिला चार्ट मिळाला तो छापील, त्यात ओट्स, किनोवा, ब्रोकोली आणि बदामाचं दूध. मी म्हणलं मॅडम, गेवराईत ब्रोकोली मागितली तर भाजीवाला मलाच विचारंल हे कशावर फवारायचं औषध आहे. त्या म्हणल्या ऑनलाइन मागवा. नशिबानं पुढच्या वेळी दुसऱ्या डाएटिशियन होत्या, परभणीकडच्या, वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी तो चार्ट बाजूला ठेवला आणि विचारलं घरात रोज काय शिजतं. मग मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, अंडी, पनीर, ताक, अर्धी बाजरीची भाकर, चटणी जवसाची पण तेल न घालता असं सगळं घरातलंच बसवून दिलं. जेवणासोबत पाणी बंद, अर्धा तास आधी नाही आणि अर्धा तास नंतर नाही. आपल्याकडं ताटाशेजारी तांब्या नसला तर जेवण वाढलंच नाही असं वाटतं, ही सवय मोडायला मला दीड महिना लागला. त्यांनीच सांगितलं होतं की हे सगळं आधीच घोटून घ्या, ऑपरेशननंतर शिकायला गेलात तर उलट्या करत शिकाल. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, पाणी घोट घोट. आणि फुप्फुसांच्या व्यायामाचं, आत तीन प्लास्टिकच्या गोळ्या असलेलं फुंकणी यंत्र, त्यात श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या. माझा धाकटा तिन्ही गोळ्या उचलायचा, मी एक.

आता जालन्याच्या ताई. सेंटरची दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी अकरा वाजता मीटिंग असते, ऑपरेशन झालेले आणि होणार असलेले असे पंधरा-वीस जण. दुसरा मजला आणि लिफ्ट रविवारी बंद! वजनदार माणसांच्या मीटिंगला जिना, हे कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. पण वर पोचल्यावर जे ऐकायला मिळालं ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. नांदेडचे एक ट्रकमालक, लातूरचा बावीस वर्षांचा पोरगा, आणि एक बाई ज्यांचं तीन वर्षांनी निम्मं वजन परत आलं होतं. त्यांना कुणी अडवलं नाही, डॉक्टर बसलेले असताना त्या बोलल्या की गोड चहा आणि फरसाण, छोट्या पोटात पण मावतं, दिवसभर खाल्लं तर. या बाईला बोलू दिलं म्हणून माझा सेंटरवर भरवसा बसला.

जालन्याच्या ताईंचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वीचं, वय साठीच्या आसपास. मीटिंग संपल्यावर जिन्यात मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, अगं, मिश्री लावतीस का? मी चपापले. सेंटरच्या फॉर्मवर लिहिलं होतं स्मोकिंग आहे का, मी नाही लिहिलं होतं, खोटं कुठंय, बिडी काय मी ओढत नाही. पण सकाळी आणि रात्री मिश्री लग्नाआधीपासून. ताई म्हणल्या, बाई, मिश्री म्हणजे तंबाखूच की, बायपासच्या टाक्यांवर अल्सर होतो त्यानं, मी लपवली होती आणि मला भोगावं लागलं, तू आजच डॉक्टरला सांग. मी परत वर गेले आणि सांगितलं. डॉक्टरांनी तारीख पुढं ढकलली, कमीत कमी सहा आठवडे बंद आणि नंतर कायमची बंद. सेंटरला माझं एवढंच म्हणणंय, मराठवाड्यात बसून बायकांना स्मोकिंग विचारता, मिश्री विचारा ना. गुटखा विचारा, तंबाखू-चुना विचारा. फॉर्म मुंबईचा छापून आणला की असंच होणार.

मिश्री सोडणं हे भाकरी सोडण्यापेक्षा अवघड गेलं. पहिला आठवडा मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. ताईंचा रोज सकाळी सहाला फोन, ‘लावलीस का?’ एवढंच विचारायच्या. नाही म्हणलं की ‘बरं’ आणि फोन ठेवायच्या.

नवी तारीख आली ती नेमकी महालक्ष्म्यांच्या चार दिवसांनंतरची. म्हणजे शेवटचे दोन आठवडे जे कडक डाएट असतं, प्रोटीनचं शेक, सूप, ताक आणि एक वेळ डाळ किंवा अंडी, ते ऐन सणात. हे डाएट वजन उतरवायला नसतं, लिव्हर लहान व्हायला असतं. परभणीच्या मॅडमनी सांगितलं तसं सांगते, तुमचं लिव्हर म्हणजे जठरावर टाकलेली ओली गोधडी आहे, डॉक्टरला ती उचलून खाली काम करायचंय, दोन आठवडे साखर-पिठं बंद केलं की ती वाळून हलकी होती. तर मी पंचवीस माणसांचं पुरण शिजवलं, घाटलं, वाटलं, सोळा भाज्या केल्या, आंबील केली, आणि वाटीभर दुधीचं सूप पिऊन उभी. आत्याबाई मागंच लागल्या, लक्ष्मीचा प्रसाद हाय, एक घास तरी घे. आमच्या सासूबाई, ज्या ऑपरेशनच्या सगळ्यात जास्त विरोधात, त्याच पुढं झाल्या आणि म्हणल्या, तिचा घास मी खाते, तिला नका आग्रह करू. मला पुरण ढवळताना रडू आलं नव्हतं, तेव्हा आलं.

सगळ्यात मोठी तक्रार आता. या डाएटच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मला दरदरून घाम सुटला, हात थरथरायले, मीटरवर शुगर ६२. झालं असं की खाणं निम्म्यावर आणलं पण शुगरच्या गोळ्या तेवढ्याच चालू, त्यात माझी ग्लिमेपिराइड होती जी शुगर खाली ओढते. डाएट देताना गोळ्यांचा डोस कुणी बघितलाच नाही. हेल्पलाइनला तीन वेळा फोन लावला, उचलला नाही. ताईंना लावला, पहिल्याच रिंगला उचलला, ‘तीन चमचे साखर पाण्यात घालून पी, पंधरा मिनिटांनी परत तपास, मी फोन धरून बसते.’ धरून बसल्या खरंच. संध्याकाळी डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या आणि सॉरी पण म्हणले, पण तोवर आमच्या ह्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. शुगरवाल्यांनो, डाएट सुरू व्हायच्या आदल्या दिवशी डॉक्टरला विचारून घ्या कुठली गोळी कमी करायची, त्यांनी सांगायची वाट बघू नका.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल जास्त लिहीत नाही. आधी-नंतरचे फोटो, गुड मॉर्निंग, आणि एक जण प्रोटीन पावडर विकतो. म्यूट करा, रविवारी जा.

पैशाचं. पॅकेज साडेतीन लाख सांगितलं, नंतर कळलं जठर कापून शिवायला जे स्टेपलर वापरतात त्याच्या काडतुसांचे वेगळे, तपासण्या वेगळ्या. पहिल्याच दिवशी सगळं मिळून किती ते लिहून घ्या, तोंडी नको. मेडिक्लेममध्ये बसतं, बीएमआय ४० च्या वर असेल तर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत कंट्रोलमध्ये नसलेली शुगर, हृदयाचा आजार, झोपेत श्वास अडकायचा गंभीर त्रास असं काही असेल तर. पॉलिसीचा वेटिंग पिरियड (सुरुवातीची काही वर्षं, ज्यात असल्या ऑपरेशनचे पैसे मिळत नाहीत) संपलेला पाहिजे, आमची चौथ्या वर्षात होती म्हणून वाचलो. काउंटरवरच्या पोरानं विचारलं आधी वजन कमी करायचे काय प्रयत्न केले त्याचे कागद द्या. आमच्या जिमवाल्यानं आयुष्यात पावती फाडली नाही, मी काय देणार. शेवटी फॅमिली डॉक्टरांची सात वर्षांची चिठ्ठ्यांची पिशवी कामी आली, प्रत्येक चिठ्ठीवर वजन लिहिलेलं. आपण असले कागद टाकून देतो, टाकू नका.

आता सहा महिने झाले. ११८ चे ८९ झाले, शुगरची एकच गोळी उरलीय, केस मात्र मुठीनं गळायलेत (होतं म्हणे, थांबतं म्हणे). मिश्री नाही. रात्री साडेअकराला जाग येते अजून, तेव्हा ताईंना मेसेज टाकते, त्या पण जाग्याच असतात.

अर्धा स्टार खुर्च्यांचा, एक डॉक्टरांचा, एक परभणीच्या मॅडमचा, एक रविवारच्या मीटिंगचा. एक काटला तो हेल्पलाइनचा आणि अर्धा त्या वजनकाट्याचा. तसं मागच्या रविवारी गेले तर काटा आता पडद्याआड नेलाय. पडद्याआडून ती मुलगी तेवढ्याच जोरात ओरडती.