बोटावरचा ऑक्सिमीटर: घ्या, पण सावळ्या बोटावर त्याचा आकडा कसा वाचायचा ते आधी समजून घ्या

नाशिकच्या गोळे कॉलनीत कुठल्याही होलसेल मेडिकलच्या काउंटरवर ऑक्सिमीटर मागितला की साधारण तीन तऱ्हेचा माल पुढे येतो. पहिला नुसते दोन आकडे दाखवणारा, ऑक्सिजन आणि नाडी. दुसऱ्यात या आकड्यांसोबत नाडीची लाट आणि 'पीआय' नावाचा तिसरा आकडा दिसतो, बोटात रक्ताचा ठोका किती जोरकस येतोय ते सांगणारा. तिसरा वायरच्या टोकाला प्रोब असलेला, दवाखान्यात वापरतात तो. घरासाठी दुसरा घ्या. पहिल्यात थोडे पैसे वाचतात, पण दिसणारा आकडा भरवशाचा आहे की नाही हे ओळखायची सोयच जाते. तिसरा घरी सहसा लागत नाही. पेशंट घरीच ऑक्सिजनवर असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून त्याचा विचार करावा.

एरवी परीक्षण इथेच संपलं असतं. पण या यंत्रात एक दोष आहे, जो डब्यावर छापलेला नसतो आणि काउंटरवरही कुणी सांगत नाही. गडद त्वचेच्या माणसाच्या बोटावर ते खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतं, आणि तेही नेमका ऑक्सिजन खाली उतरलेला असताना. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांपासून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांपर्यंत हा चिमटा ज्यांच्या बोटाला लागतो ती बोटं बहुतेक सावळी नाहीतर काळीच. वंशभेद आता राहिलाय कुठे, असं विचारणाऱ्याला हे यंत्र उघडून दाखवावं.

चिमट्याच्या एका जबड्यात दोन बारीक एलईडी असतात. एक लाल, ६६० नॅनोमीटरचा, आणि एक इन्फ्रारेड, ९४० च्या आसपासचा. समोरच्या जबड्यात प्रकाश मोजणारा सेन्सर. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं लाल जास्त शोषतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त येतं आणि पलीकडे पोचणारा प्रकाश किंचित कमी होतो. यंत्र हा हलणारा भाग तेवढा धरतं, दोन्ही प्रकाशांचं गुणोत्तर काढतं आणि आत साठवलेल्या तक्त्यात बघून आकडा दाखवतं. गुणोत्तर १ आलं की साधारण ८५ टक्के.

सगळी गोम त्या तक्त्यात आहे. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देत त्यांचं सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी, ७० टक्क्यांपर्यंत खाली आणतात, त्याच वेळी धमनीतलं रक्त काढून खरा आकडा मोजतात आणि तो गुणोत्तरासमोर लिहितात. म्हणजे तुमच्या बोटावर दिसणारा ९४ हा दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांवरून बांधलेला अंदाज असतो. ती बोटं कुणाची? औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या २०१३ च्या सूचनांनुसार चाचणीला किमान १० माणसं आणि २०० नोंदी पुरत होत्या. त्यांत गडद त्वचेची माणसं किमान २, किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढी. दहात दोन. घरगुती वापराचे कितीतरी चिमटे तर 'वेलनेस'च्या नावाखाली विकले जातात आणि एफडीए ते तपासतही नाही.

पुस्तकी हिशोबाने रंगाचा फरक पडायला नको. त्वचेतलं मेलॅनिन ठोक्याबरोबर हलत नाही, त्यामुळे गुणोत्तर काढताना ते वजा होऊन जायला हवं. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण एलईडीचा प्रकाश नेमक्या एका तरंगलांबीचा नसतो, आजूबाजूचा पट्टाही त्यात मिसळलेला असतो. मेलॅनिन त्या पट्ट्यातल्या लहान तरंगलांबी जास्त शोषतं. त्यामुळे काळ्या बोटात रक्तापर्यंत पोचणारा लाल प्रकाश तक्ता बनवताना धरलेल्या लालपेक्षा थोडा वेगळा होतो. शिवाय एकूण प्रकाशच कमी पार होतो, म्हणून बाहेरून घुसलेल्या उजेडाचा आणि सर्किटमधल्या गोंगाटाचा वाटा वाढतो. हात गार असेल, बोटात रक्त कमी येत असेल तर चूक आणखी वाढते. निफाडचा पारा उतरलेला असताना पहाटे शेतावरून आलेल्या माणसाच्या बोटावर या गोष्टी एकदमच येतात.

मेलॅनिन प्रकाश शोषतं यात कुणाचा दोष नाही. पण ही चूक कधीपासून माहीत आहे ते बघा. १९९० साली 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा अभ्यास छापून आला. गोऱ्या रुग्णांत ऑक्सिमीटरवर ९२ ठेवलं तर पुरतं, काळ्या रुग्णांत ९५ ठेवावं लागतं, असा त्याचा निष्कर्ष होता. २००५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या प्रयोगशाळेने तीन ऑक्सिमीटर तपासले. सॅच्युरेशन जसं खाली जाईल तसा गडद त्वचेवर आकडा जास्त चढा येतो, हे पुन्हा दिसलं. तरी तक्ते तेच राहिले. डिसेंबर २०२० मध्ये, कोविड ऐन भरात असताना, मिशिगनच्या डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आकडे मांडले. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला खरा आकडा ८८ च्या खाली होता, असं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के मोजण्यांत झालं आणि काळ्या रुग्णांच्या ११.७ टक्के मोजण्यांत. त्यानंतर सूत्रं हलली. २०२१ मध्ये एफडीएने इशारा दिला, मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या स्वतंत्र समितीने हा भेद खरा असल्याचं अहवालात मांडलं, जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने १५० किंवा जास्त माणसांवर आणि दहा छटांच्या मंक स्केलवर त्वचा मोजून चाचणी घ्यावी असा मसुदा काढला.

१९९० ते २०२०, तीस वर्षं. हीच चूक गोऱ्या बोटांवर होत असती तर ती तीस वर्षं तशीच राहिली नसती, असं आमचं स्पष्ट मत आहे. शिवी दिली, दार बंद केलं, म्हणजेच वंशभेद, अशी आपली समजूत असते. इथे कुणी कुणाला शिवी दिलेली नाही. माहीत असलेली चूक कुणाच्या वाट्याला येते ते पाहून ती दुरुस्त करायची घाई कुणी केली नाही, इतकंच. याला आम्ही वंशभेदच म्हणतो. डब्यात भरून तो बोटीने न्हावाशेव्याला उतरतो आणि तिथून आपल्या दुकानात येतो.

अमेरिकेतले हे आकडे जसेच्या तसे सुरगाण्याच्या माणसाला लावू नयेत, हेही सांगायला हवं. आपल्याकडे त्वचेच्या छटा फार आहेत, आणि बोटाचं पेर हाताच्या पाठीपेक्षा उजळ असतं. पण भौतिकशास्त्र तेच आहे आणि चुकीची दिशाही तीच, आकडा चढा येण्याची. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पथकं घरोघरी बोटाला हाच चिमटा लावत फिरली आणि ९५ च्या खाली आलेल्यांना पुढे पाठवलं गेलं. अशा वेळी आकडा तीनने चढा आला तर खरा ९३ असलेला माणूस ९६ वर घरीच राहतो.

दुकानात हा दोष पकडता येत नाही. गोरा मुलगा आणि काळा मुलगा दोघे निरोगी असतील तर दोघांचाही आकडा ९७-९८ येणार, फरक खाली गेल्यावरच उघडा पडतो. दुकानात पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. सेल घालून स्थिर पेन्सिलीवर चिमटा लावा, आकडा आला तर माल परत करा. स्वतःच्या बोटाला लावून लाट एकसारखी येते का पाहा, मनगटावरची नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा आणि स्क्रीनवरच्या नाडीशी ताडून बघा. डब्यावर 'एमएफजी/एमडी' किंवा 'आयएमपी/एमडी'ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवाच. एमआरपी आणि खरी किंमत यांत बरंच अंतर असतं, तेव्हा घासाघीस करायला लाजू नका.

मग माहितीपत्रक उघडा. अचूकता '७० ते १०० टक्क्यांत ±२' असं लिहिलेलं सापडेल. आकडा दोनच्या पलीकडे कधीच चुकणार नाही, असा याचा अर्थ नाही. साधारण दोन तृतीयांश मोजण्या दोनच्या आत येतात, उरलेल्या त्याच्याही बाहेर जाऊ शकतात, आणि हाही हिशोब चाचणीतल्या माणसांपुरता. चांगल्या कंपनीच्या पत्रकात किती माणसांवर आणि कुठल्या त्वचेवर चाचणी झाली ते दिलेलं असतं. ते पान नसेल तर दुकानदाराकडून कंपनीला विचारून घ्या.

घरी लावायची पद्धत अशी. पाच मिनिटं स्वस्थ बसा. हात गार असेल तर चोळून किंवा कोमट पाण्यात धरून ऊब आणा. मधलं बोट निवडा, नखावर नेलपॉलिश नको, काळी मेंदी नको. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत पेस्ट लावणाऱ्यांच्या नखांत रंग उतरलेला असतो, सावळ्या माणसांच्या नखावर कधी कधी उभी तपकिरी रेघही असते. असं नख सोडून दुसरं बोट घ्या. बोट आतल्या टोकापर्यंत सरकवा, हात छातीच्या पातळीला टेकवून ठेवा, उन्हात बसू नका. पहिले तीस-चाळीस सेकंद येणारे आकडे धरू नका. आधी पीआय बघा. तो १ च्या वर असेल तर बरं, ०.५ च्या खाली असेल तर ऑक्सिजनचा आकडा लिहूच नका, बोट बदला. लाट वेडीवाकडी असेल तरी तेच. लहान मुलाच्या बोटाला मोठ्यांचा चिमटा लावू नये, बोट आणि सेन्सर यांच्यामध्ये फट राहते.

सावळ्या किंवा काळ्या त्वचेच्या माणसाने आणखी एक काम करायचं. तब्येत ठणठणीत असताना तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा घेऊन वहीत लिहून ठेवायचा. तो तुमचा नेहमीचा आकडा. नाशिकची उंची साधारण ६०० मीटर, त्याने फारसा फरक पडत नाही. आजारपणात त्या आकड्यापेक्षा ३-४ ने उतरला की डॉक्टरांना फोन करा, मग स्क्रीनवर ९४ दिसत असेल तरी. तुमच्या बाबतीत एकट्या आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. सोबत श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, पेशंटला न सांगता. मोठ्या माणसाचा बसल्या जागी २४ किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचा ५० किंवा जास्त असेल तर आकडा कितीही चांगला असो, दवाखाना गाठा. ओठ निळे पडलेत का हे काळ्या त्वचेवर बाहेरून नीट दिसत नाही. खालचा ओठ उलटून आतला भाग, जीभ आणि हिरड्या उजेडात बघा. सुरगाण्याहून सिव्हिलला घाटरस्त्याने यायला वेळ लागतो, तेव्हा 'अजून थोडं बघू' म्हणत संध्याकाळ करू नका.

रंगाशी संबंध नसलेले दोन धोकेही याच घरांत जास्त दिसतात. एक, रक्त कमी असणं. १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १४ ग्रॅम असेल आणि सॅच्युरेशन ९८, तर त्यात हिमोग्लोबिनला धरून सुमारे १८ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. हिमोग्लोबिन ७ असेल तर तोच ९८ आकडा दाखवूनही ऑक्सिजन फक्त ९ मिलिलिटर. यंत्र टक्केवारी सांगतं, साठा सांगत नाही. दोन, चुलीचा किंवा शेगडीचा धूर कोंडलेल्या खोलीत घेतलेला आकडा. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन या यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं, आणि गुदमरलेल्या माणसाच्या बोटावरही ते ९८ दाखवतं. सिकलसेलच्या पेशंटने तर चिमट्याच्या भरवशावर राहूच नये. शंका आली की धमनीतल्या रक्ताची एबीजी तपासणी करा, तिला त्वचेचा रंग आड येत नाही. मनगटी घड्याळातल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर आजारपणात काहीही ठरवू नका.

एकट्या गिऱ्हाइकाने विचारलेल्या प्रश्नाला कंपनी दाद देईलच असं नाही. पण ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, आश्रमशाळा, द्राक्ष निर्यातदार किंवा साखर कारखाना शंभर नग घेतो तेव्हा कोटेशन मागवताना तीन गोष्टी लेखी मागता येतात: चाचणी किती माणसांवर झाली, त्यांतली गडद त्वचेची किती, आणि ७० ते ८५ टक्क्यांच्या पट्ट्यात त्यांच्यावरची चूक वेगळी काढून किती आली. या तिन्ही रकान्यांत आकडा न भरता आलेलं कोटेशन, दर कितीही कमी असला तरी, बाजूला ठेवा.