म्युझियो कॅमेरा, गुरुग्राम: घरात जुना फोटोग्राफर असेल तर त्याला सोबत न्याच

भाचीच्या लग्नाला नागपूरहून दिल्लीला गेलो होतो, एक दिवस मोकळा मिळाला तर सगळे म्हणे लाल किल्ला पाहून या, पण मी बाबांना घेऊन गुरुग्रामला गेलो, म्युझियो कॅमेरा हे कॅमेऱ्यांचं संग्रहालय पाहायला. मेट्रोच्या यलो लाइनने शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचं, मिलेनियम सिटी सेंटर, ऑटोवाले अजूनही हुडा सिटी सेंटरच म्हणतात, तिथून ऑटोने जवळ आहे. सोमवारी बंद असतं तेवढं लक्षात ठेवा.

बाबांचा नागपूरच्या महाल भागात फोटो स्टुडिओ होता, तीस वर्षं चालवला, लग्न, मुंज, पासपोर्ट सगळं. आता फोटोचा विषय निघाला की उठून गॅलरीत जातात. त्यामुळे येतील की नाही याचीच मला धाकधूक होती.

फोटोग्राफर आदित्य आर्य यांनी आयुष्यभर जमवलेले कॅमेरे इथं आहेत, आधी त्यांच्या घराच्या तळघरात होते, २०१९ पासून ही मोठी जागा झाली. भाता असलेले लाकडी स्टुडिओ कॅमेरे, कोडॅकचे डबा कॅमेरे, लायका, पोलरॉइड, नुसतं पाहत पाहत गेलं तरी दोन तास जातात. मी एकटा असतो तर तसाच निघून गेलो असतो, खरं सांगतो. पण याशिका मॅट हा जुना दोन भिंगांचा कॅमेरा दिसला आणि बाबा तिथंच थांबले, हात आपोआप पोटाजवळ गेले कारण तो कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो, वरून खाली काचेत पाहायचं असतं. आणि त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसते. मला म्हणे, नवरी उजवीकडे सरकली की काचेत डावीकडे जाते, हार घालताना एकच चान्स असायचा, १२० नंबरच्या फिल्म रोलमध्ये बाराच फोटो, पूर्ण लग्न चार रोलमध्ये बसवायचो मी. मागं उभी असलेली कॉलेजची दोन पोरं ऐकून राहिली होती, त्यांनी विचारलं काका मग फोटो नीट आला की नाही कसं कळायचं, तर बाबा म्हणाले रात्री डार्करूममध्ये.

मग डार्करूमचंच निघालं. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, वीस डिग्रीच्या आसपास लागतो आणि आपल्या नागपूरचा मे महिना म्हणजे पंचेचाळीस. नळाचंच पाणी गरम. मग बाबा संध्याकाळी बर्फाच्या लादीचा तुकडा गोणपाटात बांधून आणायचे, मोठ्या घमेल्यात ठेवायचे आणि त्यात डेव्हलपरचा ट्रे. पाणी गरम राहिलं तर फिल्मवरचा थर मऊ पडतो, बोट लागलं की निघून येतो, आणि कोणाच्या तरी लग्नाचा फोटो कायमचा गेला. त्या बर्फातला उरलेला तुकडा आम्ही पोरं चोखायचो एवढंच मला आठवत होतं, तो कशासाठी यायचा हे आत्ता वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आर्यांमुळं आणखी एक गोष्ट बाबांना समजली, कुलवंत रॉय यांची. स्वातंत्र्यलढ्याच्या काळातले प्रेस फोटोग्राफर, गांधी, नेहरू, जिना सगळ्यांचे फोटो काढलेला माणूस. १९८४ मध्ये गेले आणि त्यांच्या फोटो-निगेटिव्हची खोकी आर्यांकडं आली, बरीच वर्षं बंदच राहिली, नंतर उघडली तेव्हा आत काय आहे ते कळलं. या रॉय यांनी जगभर फिरून काढलेल्या निगेटिव्ह पोस्टानं घरी पाठवल्या होत्या त्या त्यांना कधीच मिळाल्या नाहीत म्हणतात. हे मी मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. स्टुडिओ बंद झाला तेव्हा एकाने स्कॅन करून देतो म्हणून त्यांच्या दहा वर्षांच्या निगेटिव्ह नेल्या होत्या, नंतर तो पत्ताच देईना, आणि एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र, आम्हीच भंगारात दिला. त्याचं मला आज फार वाईट वाटते.

तर जायचं असेल तर किमान तीन तास ठेवा, आणि शक्यतो वीकडेला जा म्हणजे काचेसमोर निवांत उभं राहता येते. लहान पोरांना न्या, पण त्याहून आधी ज्यांनी हे कॅमेरे हातात धरले त्यांना न्या.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढायला लावली. त्यात ऐंशीच्या दशकातल्या थोड्या निगेटिव्ह निघाल्या, बटर पेपरच्या पाकिटात, प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात आडनाव आणि तारीख. खिडकीच्या उजेडात धरून एकेक पाहून राहिले आहेत, आणि कोणाचं लग्न होतं ते मी वहीत लिहून घेतोय.