लाडूची पेटी: माधवनगर रस्त्यावरच्या अॅल्युमिनियमवाल्याचं काम, आठ महिन्यांनंतर

आमच्या घरात एक मुधोळ कुत्रा, दोन मांजरं आणि एक बॉल पायथन आहे. सांगलीच्या गावभागातलं जुनं घर, माणसं चार, सासूबाई बाहत्तर वर्षांच्या. पायथन धाकट्या भावाचा. तो नोकरीला बाहेरदेशी गेला आणि लाडू माझ्याकडे आला. घाबरला की अंगाचा गोळा करून डोकं मधे लपवतो, म्हणून लाडू.

आधी तो माशांच्या जुन्या टाकीत होता, वर तारेच्या जाळीचं झाकण आणि त्यावर दोन विटा. भावाच्या खोलीत मांजर नव्हतं, तिथे ते चाललं. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात मनी त्या झाकणावर जाऊन बसली. खालून ऊब येते, मांजराला आणखी काय हवं! जाळी मधोमध खचली, कडेला फट पडली आणि रात्री लाडू बाहेर आला. सकाळी तो ट्रंकेमागे सापडला, पाठीवर मनीच्या नखांच्या दोन रेघा. मांजराच्या नखातोंडातले जंतू सापाच्या अंगात भिनले तर जखम बाहेरून बरी दिसते आणि आतून सडते, असं डॉक्टरांनी सांगितलं. पंधरा दिवस इंजेक्शनं चालली. त्या पंधरा दिवसांत मी नीट झोपले नाही. चूक मनीची नव्हती आणि लाडूची तर नव्हतीच. साप बाहेर पडू नये एवढाच विचार मी केला होता. मांजर आत जाऊ नये, हा केलाच नव्हता.

तयार पेट्या ऑनलाइन पाहिल्या. बहुतेकांना वरून जाळी, म्हणजे पुन्हा तेच. शेवटी माधवनगर रस्त्यावर मेडिकलचे आणि सराफांचे काउंटर करणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडे गेले. साप म्हटल्यावर त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. “ताई, नागबिग असंल तर आपण हात लावणार न्हाय.” आमच्या जिल्ह्यात साप म्हटलं की आधी नागपंचमीचं बत्तीस शिराळा आठवतो, त्यामुळे त्यांचं विचारणं मला रास्तच वाटलं. नाग, धामण, आपल्याकडचा अजगर, यातलं काहीच घरात ठेवता येत नाही. 1972 चा वन्यजीव कायदा आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला. तो साइट्सच्या, म्हणजे वन्यप्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो, म्हणून 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते आणि प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. मी मोबाइलवर कागद दाखवले. मामांनी ते चष्मा लावून वाचले आणि मगच माप घेतलं.

पेटी चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच. सांगाडा अॅल्युमिनियम सेक्शनचा, पाठ, बाजू, तळ आणि छत एसीपी शीटचं (दोन्हीकडे अॅल्युमिनियम, मधे प्लॅस्टिक). छत बंद ठेवायचं हा माझा हट्ट होता. आता मनी वर बसते, बसू दे, तिच्या वजनाने काही हलत नाही. पुढे पाच एमएमच्या टफन काचेचे दोन सरकते दरवाजे आणि सराफाच्या शोकेसला असतं ते दातेरी पट्टीचं कुलूप. किल्ली माझ्या मंगळसूत्रात असते. एकावर एक येणाऱ्या दोन काचांमध्ये बोटभर नाही, पण पेन्सिल जाईल एवढी फट राहते. मोठ्या लाडूला ती पुरणार नाही, पण पिल्लू त्यातून निसटेल, कारण सापाचं डोकं गेलं की अंगही जाऊ शकतं. मामांनी तिथे स्लायडिंग खिडकीला लावतात ती केसाळ पट्टी बसवली. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र परत करून घ्यावी लागली. हवेसाठी दोन्ही बाजूंना त्यांनी डासांची नायलॉनची जाळी लावली होती. मांजर ती एका दुपारी फाडेल, आणि साप रात्रभर नाक घासत राहिला तर नाकावरची खवलं सोलवटून निघतात. मी नको म्हटल्यावर त्यांनी जरा कुरकुर केली, पण भोकांचा स्टीलचा पत्रा लावून दिला आणि कडा आतून घासून गुळगुळीत केल्या. त्याचे चारशे जास्त घेतले. एकूण साडेचौदा हजार गेले. आठ दिवस सांगून एकोणीस दिवस लावले, ते मला आवडलं नाही. तोवर लाडू झाकण आवळून बांधलेल्या प्लॅस्टिकच्या टबात होता.

पेटी आली त्या दिवशी लाडूला आत सोडलं नाही. सांधे भरायच्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत काचा उघड्या ठेवून दहा दिवस थांबले. आत सिरॅमिक हीटर छतापासून चार इंच खाली टांगलाय आणि भोवती तारेचा पिंजरा आहे, नाहीतर साप त्याला विळखा घालून भाजून घेतो. तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट वेगळा घेतला. त्याशिवाय हीटर लावूच नये. ऊबदार टोकाला 32 अंश, दुसऱ्या टोकाला 26, दोन्हीकडे लपायला एकेक मडकं. बाहेर आलेली वायर मामांनी केसिंग पट्टीत घेतली, कारण वीर (आमचा मुधोळ) लहानपणी वायरी चावायचा. एप्रिल-मेमध्ये हीटर बंदच असतो. पेटी माजघरात आहे, तिथल्या मातीच्या भिंती दुपारीही गार असतात.

मुधोळ नजरेने शिकार करणारी जात. काहीही सरपटलं की वीरचं अख्खं अंग ताठ होतं. म्हणून काचेचा खालचा नऊ इंच भाग मी दुधी फिल्मने झाकला. जमिनीवरची हालचाल दिसेनाशी झाली आणि चार दिवसांत त्याने पेटीसमोर बसणं सोडलं. लाडूही मडक्यातून जास्त बाहेर येऊ लागला. एवढं असूनही लाडू बाहेर असताना माजघराचं दार आतून कडी लावून बंद असतं. वीर कितीही गुणी असला तरी यात सूट नाही.

खायला बारा-चौदा दिवसांनी एक उंदीर, मेलेला, गोठवलेला, कोमट पाण्यात ठेवून वितळवलेला. त्यासाठी छोटा फ्रीज वेगळा आहे, स्वयंपाकघरातल्या फ्रीजला तो वास लावायचा नाही. उंदीर काढला की दोन्ही मांजरं दारापाशी ओरडतात, म्हणून त्यांना आधी जेवायला घालते. हात साबणाने धुऊनच लाडूजवळ जाते. हाताला मांजराचा वास असेल तर लाडू हातालाच भक्ष्य समजू शकतो. लाडूला हात लावल्यावर पुन्हा धुते, सापाच्या विष्ठेत साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात आणि घरात म्हातारं माणूस आहे. पेटीतली भांडी मोरीत मांजरांच्या भांड्यांबरोबर कधीच घासत नाही.

एक गोष्ट मला डॉक्टरांनी वेळेवर सांगितली म्हणून इथे मुद्दाम लिहिते. सापाला गोचिडीसारखे बारीक किडे होतात, त्यावर काही जण पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा मारतात. पर्मेथ्रिन मांजराला विष आहे, मांजर त्याने मरू शकतं. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी ती बाटली घरात आणूच नये. वीरला गोचिडाचं औषध लावलं की मीही त्या दिवशी लाडूला हात लावत नाही.

पेटीतली खरी उणीव वजनाची. मी दोन्ही बाजूंना उचलायच्या कड्या लावून घेतल्या होत्या, कारण गावभागात राहायचं तर पुराचा विचार आधी. 2019 मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आमच्या माजघरात छातीएवढं होतं. पण काचा काढल्या तरी ही पेटी दोन माणसांशिवाय जिना चढत नाही. त्यामुळे आता कापडी पिशवी आणि कुलपाचा टब माळ्यावर तयार ठेवलाय, आणि पुलावर 40 फूट, म्हणजे इशारा पातळी झाली की लाडूला आधी वर न्यायचं, पेटी मागाहून, असं घरात ठरलंय. मामांना विचारलंय, पुढच्या वेळी पेटी दोन तुकड्यांत जोडता येईल का. पावसाळ्याआधी येऊन बघतो म्हणालेत.