५,१२७ व्या प्रयत्नातून आलेला झाडू

डायसन कंपनीचा व्ही ८ हा बिनतारी व्हॅक्यूम क्लीनर दोन वर्षांपासून आमच्या घरी वापरात आहे. त्याचे परीक्षण लिहिताना यंत्राइतकेच ते घडवणाऱ्या माणसाच्या हट्टाविषयी लिहावे लागते, कारण या वस्तूचे गुण आणि तिचा जाच दोन्ही त्या हट्टातूनच आले आहेत.

जेम्स डायसन या ब्रिटिश संशोधकांना १९७० च्या दशकाच्या अखेरीस घर साफ करताना जाणवले की, पिशवी लावलेल्या यंत्राची धूळ खेचण्याची ताकद थोड्याच वेळात मंदावते, आणि तीही पिशवी भरल्यामुळे नव्हे, तर तिची बारीक छिद्रे धुळीने बुजल्यामुळे. दुसऱ्या कोणी पिशवी बदलून विषय संपवला असता. डायसन यांनी मात्र हवा वेगाने गरगर फिरवून धूळ बाजूला फेकणारी रचना साधण्यासाठी सुमारे पाच वर्षांत ५,१२७ नमुने बनवले, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नेम पाळला. या काळात घराला मोठा आधार होता तो त्यांच्या पत्नी चित्रकला शिकवून मिळवत असलेल्या पैशांचा. यशोगाथांमध्ये हे एका वाक्यात उरकले जाते. मला ते ५,१२७ या आकड्याहून लहान वाटत नाही. पुढे १९८६ मध्ये जपानमध्ये गुलाबी रंगाचे महागडे यंत्र विक्रीला आले, आणि स्वतःच्या नावाचे डीसी ०१ हे यंत्र बाजारात यायला १९९३ साल उजाडले.

धुळीचा डबा पारदर्शक ठेवू नये, लोकांना घाण पाहायला आवडणार नाही, असा सल्ला त्यांना मिळाला होता. तो त्यांनी मानला नाही, आणि माझ्या मते या यंत्रातील सर्वांत धूर्त गोष्ट हीच आहे. वरवर स्वच्छ दिसणाऱ्या गादीवरून ते फिरवले की डब्यात राखाडी पिठासारखा थर साचतो, आणि तो एकदा पाहिल्यावर सोफ्याच्या फटी, पडदे, पुस्तकांचे कप्पे असे करत माणूस रात्री अकरा वाजताही घर धुंडाळू लागतो. मालकाचे वेड असे ग्राहकाला लागते. आमच्या घरी ते मला लागले, आणि बाकीच्यांना त्याचा आवाज सोसावा लागला.

गाद्या, सोफा, मोटारीच्या बैठका आणि केस गळणाऱ्या मांजराचा कोपरा यांसाठी हे यंत्र उत्कृष्ट आहे. फरशीसाठी मात्र ते आपल्याकडे अपुरे पडते, कारण ओला पोछा मारल्याशिवाय आपल्याला घर झाडल्यासारखे वाटत नाही आणि पोछा हे यंत्र मारत नाही. घरकामाच्या मावशींनी पहिल्याच दिवशी ते हातात तोलून पाहिले आणि पुन्हा झाडू उचलला; त्यांचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. शिवाय यंत्र चालू राहण्यासाठी मुठीवरचा घोडा (ट्रिगर) सतत दाबून धरावा लागतो. बॅटरी वाया जाऊ नये हा त्यामागचा विचार समजतो, पण वीस मिनिटांनी बोट दुखू लागले की आपली सोय दुसऱ्या कोणी परस्पर ठरवून टाकल्याची भावना होते. कंपनी चाळीस मिनिटांपर्यंतचा अवधी सांगते, तो सौम्य वेगाचा. पूर्ण ताकदीवर तो काही मिनिटांवर येतो.

याच माणसाने विजेवर चालणाऱ्या मोटारीचा प्रकल्प, तिच्यावर स्वतःचे सुमारे ५० कोटी पौंड खर्च झाल्यानंतर, २०१९ मध्ये बंद केला, कारण ती परवडेल अशा किमतीत विकता येणार नव्हती. हट्ट कुठे सोडायचा हे त्यांना कळते, असे यावरून दिसते; किंमत ठरवताना तेवढी समज आमच्या वाट्याला यायला हरकत नव्हती. घरात गालिचे नसतील आणि धुळीची ॲलर्जी कोणाला नसेल, तर एवढा खर्च करू नये.

महिन्यातून एकदा गाळणी धुऊन पूर्ण चोवीस तास वाळवावी लागते. त्या दिवशी ती आमच्या गॅलरीत वाळत असते आणि घरात केरसुणी फिरते.