स्टिकरवर १०००, आत १४०० : ब्रशलेस मोटर घेताना सावध

२२१२ आकाराच्या ब्रशलेस मोटर एकगठ्ठा मागवणार असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, त्याची पद्धत लिहितो.

पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या काही मुलांना मी मॉडेल विमानांच्या कामात मदत करतो. त्यांनी आधी नमुन्याची एक मोटर मागवली. १००० केव्ही (किलोव्होल्ट नव्हे, अर्थ खाली), १०×४.५ इंची प्रॉप म्हणजे पंखा, ३एस लिपो म्हणजे तीन सेलची लिथियम बॅटरी, ३० अँपिअरचा ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट. मस्त चालली. मग त्याच माणसाकडून बाकीच्या मागवल्या. तोच डबा, तेच स्टिकर. पण आता ईएससी इतके तापायचे की हात लावता येईना, आणि एक तर जळालाच. विक्रेता फोनवर म्हणाला, “सर, तुमचा ईएससी कमी पडतोय, ४० चा घ्या.” तो ४० चाही त्यानेच विकला!

केव्ही म्हणजे लोड नसताना दर व्होल्टमागे मोटर किती आरपीएम (मिनिटाला फेरे) देते तो आकडा. २२१२ च्या एकाच सांगाड्यात तांब्याचे वेढे बदलले की केव्ही बदलतो : १३ वेढ्यांची साधारण १०००, १० वेढ्यांची १४०० च्या आसपास, ६ वेढ्यांची २२००. बाहेरून तिन्ही सारख्याच. वाइंडिंगचा रोध मोजावा तर तो जेमतेम एक दशांश ओहम, मल्टिमीटरच्या वायरींचाच त्याहून जास्त भरतो. त्यामुळे स्टिकर बदलून माल खपवणं फार सोपं. आणि प्रॉपला लागणारी शक्ती आरपीएमच्या घनात वाढते. १.४ पट वेग म्हणजे हिशेबाने पावणेतीन पट शक्ती. प्रत्यक्षात मोटर दमते म्हणून जरा कमी, पण ३० चा ईएससी भाजायला तेवढं पुरतं.

आम्ही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मोटरचा शाफ्ट बेंच ड्रिलच्या चकमध्ये धरला, बूड फिरणार नाही असं पकडलं आणि तीनपैकी कुठल्याही दोन वायर मल्टिमीटरला एसी व्होल्टवर जोडल्या. ड्रिलचा वेग टॅकोमीटरने, म्हणजे फेरे मोजणाऱ्या यंत्राने, २८०० आरपीएम. व्होल्टना १.४१४ ने गुणायचं आणि येईल त्याने आरपीएमला भागायचं, की केव्ही. नमुन्याच्या मोटरने १.९८ व्होल्ट दिले, म्हणजे बरोबर १०००. नंतर आलेल्या मोटर १.४२ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ १४००. पाच-दहा टक्के इकडेतिकडे कुणीही चालवून घेतो, हे चाळीस टक्के होते.

मल्टिमीटर मात्र बरा हवा. सगळ्यांकडे असतो त्या स्वस्त पिवळ्या मीटरची सर्वात लहान एसी रेंज २०० व्होल्टची, दीड-दोन व्होल्टला त्याच्यावर विसंबू नका. आणि या मोटरला चुंबकाचे १४ पोल, म्हणजे ७ जोड्या असतात, त्यामुळे २८०० आरपीएमलाच वायरींवर ३२७ हर्ट्झ येतात. बरेच स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे खोटं बोलू लागतात, तेव्हा ड्रिल उगाच जोरात पळवू नका.

आता खरी गंमत. आकडे पाठवल्यावर विक्रेत्याने पुरावा म्हणून व्हिडिओ पाठवला. मोटर फुल थ्रॉटलवर, व्होल्टमीटरवर ११.०, टॅकोमीटरवर ११,००० च्या जवळपास. “भागाकार करा सर, १००० येतो.” येतोच! पण मोटरवर ८ इंची प्रॉप लावलेला होता. प्रॉप लावला की वेग पडतो, आणि केव्ही लोडशिवायच मोजायचा असतो. खरी १००० ची मोटर ११ व्होल्टला प्रॉपसकट ११,००० गाठूच शकत नाही. त्याचा पुरावा त्याच्याच विरुद्ध जात होता. मुलांपैकी दोघांना तो आधी पटलाही होता, कारण गुणाकार-भागाकार बरोबर आणि आवाजात आत्मविश्वास. असे व्हिडिओ पाहताना आकड्यांआधी शाफ्टवर काय लावलंय ते बघा.

हे कळवल्यावर सूर बदलला. वायरींना बुलेट कनेक्टर (जोडणीच्या पिना) सोल्डर केलेत, म्हणून माल परत घेणार नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. सोबत बिल, स्टिकरचे फोटो आणि दोन्ही प्रकारच्या मोटर एकाच ड्रिलवर फिरतानाचा व्हिडिओ दिला. मोटरचे पैसे मिळाले. ईएससीचे नाही, “तो तर चालतोय ना सर?”

आता मुलं डबा फोडतानाच रेकॉर्डिंग लावतात आणि सोल्डरिंगच्या आधी प्रत्येक मोटर चकमध्ये फिरवून घेतात, नमुना कितीही चांगला निघालेला असो. टॅकोमीटर उजेडाची लुकलुक मोजतो, म्हणून त्याची खात्री जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटवर करता येते. ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, तेव्हा दोन पात्यांच्या सेटिंगवर ३००० यायला हवेत. एलईडीवर करू नका, तिथे काहीही आकडा येतो.